रिकाम्या यादीचं घर

मुंबईहून आलेलं पाकीट मी पोस्टमनच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. तेरा दिवस मी त्याची वाट पाहत होतो, आणि वाट पाहणं माझ्या स्वभावात नाही. सिंधू, माझी बायको, म्हणते की मला पोळी फुगेपर्यंतसुद्धा दम निघत नाही. त्या तेरा दिवसांत मी कॉलेजात दोन विद्यार्थ्यांना विनाकारण वर्गाबाहेर काढलं, वरणातल्या मिठावरून आईशी वाद घातला आणि रोज अकराच्या सुमारास फाटकापाशी येरझारा घातल्या.

पाकिटात यंत्रानं छापलेल्या कागदाची लांबलचक घडी होती आणि वर गटप्रमुखांची चिठ्ठी. चिठ्ठी छोटी होती. माझ्या तक्त्यामुळे यंत्रावरचा कार्यक्रम मध्येच थांबतो, असं त्यांनी लिहिलं होतं. रिकामी यादी हे नाम नाही, असं माझा तक्ता यंत्राला सांगतो. मूळ आराखड्यात तर ते नाम आहे आणि मीच ते तांबड्या शाईनं खोडलेलं आहे. पुढची दोन वाक्यं मला पाठच झाली. 'काम कसं करायचं ते तुम्ही ठरवा. काय खरं आहे ते ठरवायचं काम तुमच्याकडे दिलेलं नाही.' सव्वीस नोव्हेंबरला यंत्र आमच्या गटाला शेवटचं मिळणार होतं. तोवर दुरुस्त तक्ता पोचला नाही तर माझा भाग दुसऱ्या कुणाला तरी दिला जाईल, असं शेवटी होतं. त्या दिवशी सोळा तारीख होती.

हे १९६८ सालचं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. आदल्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या एका संशोधन संस्थेत दोन महिने राहून आलो होतो. तिथं एका दिवाणखान्याएवढ्या खोलीत गणकयंत्र होतं, आणि काही मंडळी याद्यांवर चालणाऱ्या एका नव्या भाषेसाठी कंपायलर तयार करत होती. कंपायलर म्हणजे दुभाष्या; माणसानं लिहिलेलं यंत्राच्या आकड्यांत उतरवून देणारा. त्यातला एक भाग मी मागून घेतला. मी इथे कागदावर काम करायचं, रजिस्टर पोस्टानं पाठवायचं, तिकडे भोकं पाडून त्याची कार्डं बनायची, ती यंत्रावर चढायची आणि निकाल पोस्टानं परत यायचा. अमरावतीत बसून मुंबईच्या यंत्राचं काम करणारा मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट मी लोकांना त्यांनी न विचारता सांगत असे. भाग नीट चालला तर पुढच्या जूनपासून मला गटात घेणार होते. नाही चालला तर त्रिकोणमिती होतीच, आणि पेपरांचे गठ्ठे. तेहतिसाव्या वर्षी मला त्या गठ्ठ्यांची धास्ती वाटायला लागली होती.

माझा भाग म्हणजे वस्तूंची वंशवेल. त्या भाषेत यंत्राला जे जे हाताळावं लागतं त्या सगळ्याला आम्ही वस्तू म्हणायचो. सगळ्यात वर नुसती 'वस्तू'. तिच्या पोटात संख्या, यादी आणि नाम, म्हणजे कशाला तरी दिलेलं नाव. संख्येच्या पोटात पूर्णांक आणि दशांश. यादीच्या पोटात भरलेली यादी आणि रिकामी यादी. नामाच्याही पोटात असेच दोन प्रकार. माणसाला हे झाडासारखं काढून दाखवता येतं, पण यंत्राला चित्र दिसत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक प्रकाराला एक क्रमांक द्यायचा आणि तो प्रत्येक वस्तूच्या कपाळावर मारायचा.

माझी सगळी अक्कल क्रमांक देण्यात होती. वरून सुरू करायचं आणि एकेक घराणं पुरतं संपवत पुढे जायचं. वस्तूला एक. संख्येला दोन, तिच्या मुलांना तीन आणि चार. यादीला पाच, भरलेलीला सहा, रिकामीला सात. मग नामाला आठ आणि त्याच्या दोघांना नऊ आणि दहा. आता एखादी वस्तू संख्या आहे का हे कळायला वंशवेल चढत बसायला नको. तिचा क्रमांक दोन ते चारच्या आत पडतो का, एवढं पाहिलं की निकाल लागला. प्रमुखांना ही युक्ती इतकी आवडली होती की त्यांनी मला चहा पाजला होता.

घोटाळा सातव्या क्रमांकाचा होता. रिकामी यादी म्हणजे जिच्यात काहीच उरलेलं नाही ती. तिच्यावरूनच यादी संपली हे कळतं, म्हणून ती यादी. पण तिला स्वतःचं नावही आहे, निल. आणि ज्यांनी ती भाषा केली त्यांनी ठरवून टाकलं होतं की ती नामही आहे. प्रमुखांच्या आराखड्यात तिच्याकडे दोन रेघा येत होत्या, एक यादीकडून आणि एक नामाकडून. मी नामाकडची रेघ खोडली आणि समासात लिहिलं, 'एक वस्तू, एक घर. दुरुस्ती केली आहे.' ते लिहून झाल्यावर मला मोठं समाधान वाटलं होतं.

सिंधूनं चिठ्ठी वाचली आणि सगळं समजावून मागितलं. ती मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते, तिला अर्धवट कळलेलं चालत नाही. मी चिडत चिडत सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं, की त्या लोकांनी दोन्हीकडे रेघा काढल्या होत्या तर मी एक का खोडली.

"कारण एक माणूस दोन घरचा असू शकत नाही," मी म्हणालो.

"माणूस?" ती म्हणाली.

मी वस्तू म्हणालो होतो, असं मी तिला ठणकावून सांगितलं. तिनं वाद घातला नाही. चिठ्ठीची घडी करून माझ्या वहीत ठेवली आणि वह्या तपासायला बसली. मला तिचा इतका राग आला की मी चपला घालून थेट मालटेकडीपर्यंत चालत गेलो आणि तसाच परत आलो.

आता हे सांगायलाच हवं. मी दत्तक आहे. कमलाकांत वकील आणि त्यांची बायको तारा यांना मूल नव्हतं. वकिलांचे धाकटे भाऊ नारायण अकोल्याला शाळामास्तर होते, त्यांना दोन मुलगे. थोरला देता येत नाही, म्हणून धाकटा दिला. तो मी. पाच वर्षांचा होतो. होम झाला, जन्मदात्यानं ओंजळीतून पाणी सोडलं, मला नवी जरीची टोपी घातली, आणि त्या संध्याकाळपासून ताराबाई माझी आई झाली आणि मला जन्म देणारी गोदावरी माझी काकू. आईला मी 'अगं' म्हणायचं आणि काकूला 'अहो'. सुरुवातीला चुकायचो, तेव्हा काकूच मला हळूच दुरुस्त करायची. नंतर चुकायचा थांबलो.

मला कुणी छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट आईनं माझ्यावर जीव टाकला, अजूनही टाकते. पण सहा वर्षांपूर्वी नारायणकाका गेले तेव्हा मी तीन दिवसांचं सुतक पाळलं आणि चौथ्या दिवशी कॉलेजात जाऊन घनमूळ शिकवलं. दत्तक गेलेल्याला जन्मदात्याचं तीनच दिवस. भिलईहून आलेल्या माझ्या थोरल्या भावानं अग्नी दिला. मी पुतण्यांच्या रांगेत उभा होतो. शास्त्र तसंच आहे, आणि मी शास्त्र मानणाऱ्या वकिलाचा मुलगा आहे. एक माणूस, एक घर. हे मला इतकं लहानपणी पाठ झालं होतं की ते मी पाठ केलंय हेच मी विसरलो होतो.

पुढचे तीन दिवस मी कागद फाडले. चूक माझी नाही, आराखड्याची आहे, हे सिद्ध करायला पहिला दिवस गेला. ते जमेना. मग दोन रिकाम्या याद्या करून पाहिल्या, एक यादीच्या घरात सातव्या क्रमांकाची आणि एक नामाच्या घरात. पण मग पहिली रिकामी आणि दुसरी रिकामी एकमेकींच्या बरोबर ठरेनात, आणि कुठली यादी कधी संपली हेच यंत्राला कळेना. मग दोन्ही घरांची भिंत सामाईक केली. यादी पाच ते सात, नाम सात ते दहा. थोडा वेळ मी खुशीत होतो. मग लक्षात आलं की कंपायलरचा दुसरा एक भाग प्रत्येक क्रमांकाला 'तुझ्या वर कोण' असं विचारतो आणि त्याला एकच उत्तर चालतं. सातच्या वर आता दोघं झाले होते. तो भाग तिथंच अडकला असता. मी जेवताना बोलेनासा झालो. आईनं सिंधूला विचारलं, ह्याचं काही बिनसलंय का. सिंधू म्हणाली, एका रिकाम्या यादीचं बिनसलंय.

अशात एकोणीस तारखेला काकूचं पोस्टकार्ड आलं. मोतीबिंदू पिकला आहे, एकवीसला अकोल्याच्या दवाखान्यात डोळा कापणार आहेत, थोरल्याला कारखान्यातून रजा मिळत नाही. कुणी आलं नाही तरी चालेल, शेजारपाजारचे आहेत. कार्ड आईच्या नावानं होतं. काकू मला कधी वेगळं पत्र लिहीत नसे. आईनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "जा तू. अशा वेळी पुतण्यानं जायलाच हवं." मी मनात हिशेब मांडला. एकवीसला संध्याकाळच्या आत अकोल्याच्या स्टेशनवर टपाल टाकलं तर बावीसला मुंबई. कार्डं भोकायला दोन-तीन दिवस. जेमतेम जमलं असतं. त्याहून उशीर झाला तर सगळं संपलं. मी तक्ते, कोड लिहायचे छापील कागद आणि दोन शिसपेन्सिली पिशवीत भरल्या आणि वीसच्या दुपारी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचलो.

काकूच्या दोन खोल्यांत रात्रीपुरता मुक्काम केला. तिनं विचारपूस केली ती सगळ्यांची. आईच्या गुडघ्यांची, सिंधूच्या शाळेची. सकाळी आम्ही टांग्यानं दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात एक कंपाउंडर रजिस्टर घेऊन बसला होता. त्यानं काकूचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि माझ्याकडे पेन्सिल रोखून तिला विचारलं, "हे कोण?"

"पुतण्या," काकू म्हणाली. "अमरावतीचे वकील होते न, त्यांचे चिरंजीव."

एवढ्या झटकन तिनं ते सांगितलं की मला खुर्चीतून उठावंसं वाटलं. मी काही वेगळं अपेक्षिलं होतं असं नाही; अठ्ठावीस वर्षं हेच उत्तर ऐकत आलो होतो. पण त्या दिवशी ते लागलं. कंपाउंडरनं लिहिलं, 'पुतण्या', आणि मी त्यासमोर सही केली.

तिचा नंबर दुपारी येणार होता. आम्ही भिंतीजवळच्या बाकावर बसलो. नर्स मधून मधून येऊन तिच्या डोळ्यात थेंब घालून जायची. मी मांडीवर कागद पसरले आणि क्रमांक बदलून बदलून मांडू लागलो. मन लागत नव्हतं. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. शेवटी काकू म्हणाली, "एवढं काय करून राहिला रे तू?"

तिला टाळायचं म्हणून मी भराभर सांगितलं. पण ती मास्तरीणबाईच, आयुष्यभर मास्तरांच्या शिकवण्या कानावर पडलेली. यादी काय, नाम काय, सात हा क्रमांक कुणाच्या घरात, सगळं विचारत गेली. दोन रेघांपाशी आलो. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून बोललो नाही.

"तू कधी एकदा तरी कुणाला म्हणालीस का," मी म्हणालो, "की हा माझा मुलगा आहे म्हणून?"

मी तिला 'तू' म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिच्या लगेच आलं असावं. थेंबांमुळे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. तिनं ते पदरानं टिपलं.

"कोणी तसं विचारलंच नाही न," ती म्हणाली. "सगळे विचारतात, हा कोण. हा कोण म्हटलं की एकच सांगावं लागते. ताराताईंना मी शब्द दिला होता, की पोराचं घर एकच राहील, त्याची ओढाताण नाही करणार. तो मी पाळला. पण कोणी समोर येऊन विचारलं असतं, बाई, हा तुमच्या पोटचा आहे का, तर मी काहून खोटं बोलले असते? तसा शब्द नाही दिला मी."

मला राग आला, वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला, माझा हात पेन्सिलीकडे गेला. असा माणूस आहे मी. जन्मदाती अठ्ठावीस वर्षांनी एक वाक्य बोलते आणि मला त्यात तक्ता दिसतो. पण ते होतंच तिथं. 'तुझ्या वर कोण' हा एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकच: यादी. 'ही नाम आहे का' हा अगदी वेगळा प्रश्न. दोन्हींची उत्तरं एकाच वंशवेलीतून निघाली पाहिजेत, असा हट्ट माझाच होता. सातला सातच राहू द्यायचं. वंशवेलीला हात लावायचा नाही. फक्त जिथं 'नाम आहे का' असं विचारलं जातं, तिथं क्रमांक आठ ते दहाच्या आत आहे का हे पाहण्याआधी एक पायरी घालायची: ही रिकामी यादीच आहे का? असेल तर, हो, आहे. पुढे पाहू नका.

असला अपवाद मी याआधी विचारातही घेतला नसता. माझ्या सुबक तक्त्याला तो ठिगळासारखा दिसत होता. आता दिसू दे म्हटलं. मी कोडच्या कागदावर ती पायरी लिहिली, तिच्याकडे येणारे-जाणारे यंत्रातले पत्ते बदलले, तीन वेळा तपासलं. मान वर केली तेव्हा काकूला आत नेण्यासाठी नर्स आली होती. उठताना काकूनं माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि विचारलं, "जमलं?" मी हो म्हणालो. तुझ्यामुळे, असंही म्हणायचं होतं, पण ती तोवर दारापर्यंत गेली होती.

तिला आत घेतल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तासभर लागेल असं नर्स म्हणाली आणि मी सायकलरिक्षा करून स्टेशनकडे सुटलो. वाटेभर स्वतःला शिव्या घातल्या. तिचा डोळा उघडा पडला असेल आणि मी पाकिटावर तिकिटं चिकटवतोय. दुरुस्त कागदांवर प्रमुखांना एक ओळ लिहिली: 'चूक माझी होती, कारण घरगुती आहे.' वाचून त्यांना काय वाटलं ते मी कधी विचारलं नाही. सव्वीसला कार्यक्रम शेवटपर्यंत धावला आणि पुढच्या जूनमध्ये मी मुंबईला गेलो, एवढं इथं सांगून टाकतो, म्हणजे त्याची काळजी मिटली.

पाकीट देऊन वळलो तर बडनेऱ्याकडून आलेली पॅसेंजर रिकामी होत होती, आणि बायकांच्या डब्यातून आई उतरत होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. गुडघेदुखीमुळे ती अंगणाच्या दोन पायऱ्या उतरतानाही कुरकुर करायची, आणि एकटीनं गाडी बदलून आली होती. मी विचारायच्या आत तिनंच कारण सांगितलं. डोळे बांधल्यावर गोदावरीला चमच्यानं भरवावं लागेल, हलू द्यायचं नसतं. ते मला जमणार नाही, मी घाई करीन आणि तिच्या पातळावर सांडीन. डब्यात मऊ भात आणि साधं वरण होतं. मग रिक्षात बसल्यावर, रस्त्याकडे पाहत, ती म्हणाली की कार्ड आलं त्या दिवसापासून तिला झोप लागली नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा काकूला वॉर्डात आणून निजवलं होतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलू नये म्हणून. शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता आणि त्याच्या उशाशी त्याची बायको मैनाबाई, पातूरकडची शेतकरीण. एवढ्या वेळात तिनं काकूची सगळी माहिती काढलेली दिसत होती. मी पुढे होतो. आई गुडघ्यांमुळे चार पावलं मागे, दारातच थबकली होती. माझ्या बुटांचा आवाज ऐकून काकूनं विचारलं, "गोपाळ का?"

मी हो म्हणालो. मैनाबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काकूकडे वळून, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हा पोरगा व्हय काय वो माय तुमचा? तुमच्या पोटचा?"

मला मैनाबाईचं तोंड दाबावंसं वाटलं. मागे कोण उभं आहे हे काकूला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही. काकूनं पांघरुणावरचा हात थोडा उचलला, मी कुठे आहे ते चाचपायला.

"हो," ती म्हणाली. "माझा मुलगा. पोटचा."

मैनाबाई म्हणाली, मले वाटलंच, नाक तर तुमचंच हाय. मी काकूचा हात धरला. मला रडू येत होतं आणि मी ते आवरत नव्हतो. पण मन दोन जागी फाटलेलं होतं. या हातातून हात सोडवून दारापर्यंत जावं, त्या दुसरीला काहीतरी सांगावं, असं वाटत होतं. आणि काय सांगणार ते कळत नव्हतं. मी मान वळवली. आईनं ओठांवर बोट ठेवलं, मग दाराबाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं, आणि चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन अनवाणीच बाहेर गेली.

थोड्या वेळानं पाणी आणायचं निमित्त करून मी व्हरांड्यात गेलो. ती डबा मांडीवर घेऊन ताठ बसली होती. तिचे डोळे ओले होते, पण आवाज रोजचाच होता, घरात कामं सांगते तसा. मी तिच्याजवळ बसू लागलो तर तिनं बसू दिलं नाही.

"तू आत जा, ती एकटी आहे," ती म्हणाली. "मी दहा मिनिटांनी येते. आणि तिला सांग, मी आत्ताच्या गाडीनं येतेय, स्टेशनवरून अजून वाटेतच आहे म्हणून."